मोगऱ्याचं पाणी

बाबा गेले त्या वर्षी मागच्या अंगणाची झाडझूड माझ्याकडे आली. कुणी सांगितलं नव्हतं. तेराव्यानंतर पाहुणे गेले, रविवारी सकाळी मी मागचं दार उघडलं, तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या बदामाची पानं आमच्या पायरीपर्यंत आली होती. खराटा भिंतीला टेकवलेला होता. मी झाडायला लागले. पुढच्या रविवारीही झाडलं.

अंगण आपलं म्हणायचं म्हणून. अंधेरी पूर्वेला तीन मजली बिल्डिंग, आम्ही तळमजल्यावर. मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आठ-दहा फुटांची पट्टी होती. तिथे बाबांनी हळूहळू झाडं लावली होती. मोरीच्या पाइपाजवळ अळू, कोपऱ्यात कढीपत्ता, एक जास्वंद, तुळस, आणि भिंतीला लागून कमरेएवढा पसरलेला मोगरा. ऑफिसातून आले की बाबा लेंगा दुमडून तिथे जात. मी आत वाचत बसलेली असे. ते कोणत्या महिन्यात काय करतात, ते मी कधी पाहिलंच नाही. शाळेत आमच्या वर्गात ऋतूंचा इंग्रजी चार्ट होता. त्यातल्या स्प्रिंगच्या चौकटीत पिवळी फुलं आणि एक कोकरू होतं. बागेबद्दल माझी माहिती साधारण तेवढीच.

लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. मला भूक लागत होती, साकीनाक्याची बस पकडता येत होती, ऑफिसात टाइप केलेल्या पत्रांत चुका होत नव्हत्या. याला खंबीर म्हणत असतील तर मी होते. सकाळी नळाला पाणी आलं की आई आत भांडी भरायची आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाइप बाहेर काढून झाडांना पाणी घालायचे. दोघींचं बोलणं एवढंच. "झालं?" "झालं." "मग बंद कर."

संक्रांत झाली आणि बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवं सुरू झाली. संध्याकाळी बायका आमच्या दारावरून वर जायच्या. दारापाशी आल्या की त्यांचं बोलणं थांबायचं आणि वळणावर पुन्हा सुरू व्हायचं. आई आत दिवा न लावता बसलेली असे. त्याच आठवड्यात एका सकाळी ती खिडकीतून म्हणाली,

"मोगऱ्याला नको घालू."

"का?"

"नको म्हणते ना. मरू दे त्याला."

मी पाइप अळूकडे वळवला. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "चैत्रात फुलला की सगळ्याजणी मागायला येतात. आता मी दारात उभी राहून त्यांना फुलं वाटत बसू?"

दर चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि येणाऱ्या प्रत्येकीला घरच्या मोगऱ्याचा गजरा. आई दुपारभर गजरे करायची. पहिला स्वतःच्या अंबाड्यावर घालायची आणि मग दार उघडायची. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

महिनाभर मोगऱ्याला पाणी मिळालं नाही. पानं आधी लोंबली, मग पिवळी पडली, मग बदामाच्या लाल पानांबरोबर मी तीही झाडून टाकली. वाईट वाटलं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. नव्हतं वाटलं. बाकीची कामं चालू होती. जास्वंदीवर पांढरा मावा पडला होता, तो साबणाच्या पाण्याने फांदी-फांदी पुसला. अळू दाट झालं होतं, ते उपटून विरळ केलं. झाडांच्या आळ्यांभोवतीच्या विटांना बाबा पाडव्याआधी गेरू लावत. गेरूचा डबा सापडला तेव्हा मीही लावला. हाताला दोन दिवस लाल रंग होता. ऑफिसातल्या मुलीने विचारलं, "मेंदी काढलीस?" मी हो म्हटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर मालवणकडचे एक काका राहत. गिरणी बंद पडल्यापासून ते बनियन घालून गॅलरीत बसलेले असत आणि त्यांच्या गॅलरीतून आमचं अंगण पूर्ण दिसे. मला कुणी बघत असलं की हात अवघडतात. त्यामुळे मी वर न बघता झाडायचे. शिवरात्रीच्या आदल्या रविवारी ते वरून म्हणाले,

"काय गो चेडवा, मोगऱ्याचा पाणी तोडलंस मां?"

मला वाटलं, रागावताहेत. "आईने सांगितलंय," मी म्हटलं.

"आवशीक माहीत आसा तर! बरा केलंस. तुझो बापूस दर वर्साक असोच सुकवी. तहान लागल्याबिगर मोगरो फुलाचा नाव घेणा नाय."

मी खराटा धरून उभी राहिले.

"आता छाट त्येका," ते म्हणाले. "वीतभर ठेव, खत घाल, मगे पाणी सोड. आता नाय दिलंस, तर मात्र मरतलो."

आत कुकरची शिट्टी झाली. आईने काही ऐकलं नव्हतं. तिने त्याला मारायला जे सांगितलं होतं, तेच बाबा दर वर्षी त्याला फुलवायला करत होते. आता मी नुसतं काही न करता बसले असते, तरी तिच्या मनासारखं झालं असतं.

आठवडाभर मी तिला काही सांगितलं नाही. त्या झाडाचा मला लळा होता असंही नाही. पण पुढच्या रविवारी काका गॅलरीत येऊन बसले, कठड्यावर कोपरं टेकून. "कात्री खंय?" त्यांनी विचारलं. छाटायचं नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि आईचं कारण मी गॅलरीकडे तोंड करून ओरडून सांगू शकत नव्हते. कात्री आणणं त्यापेक्षा सोपं होतं.

"वायच खाली. तां नको, दुसरा. हां. घाबरतंस कित्याक, तो काय तुका चावता?"

आवाज ऐकून आई दारात आली. पायाशी काटक्यांचा ढीग होता.

"उपटतेस?"

"सुकलंय ते काढतेय."

तिने वर बघितलं, पदर सारखा केला आणि आत गेली. मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही सांगितलं नव्हतं.

खत पाण्याच्या टाकीमागे पोत्यात होतं. बाबांनी मागच्या वर्षी जोगेश्वरीच्या तबेल्यातून सायकलवर आणलेलं शेण. वर्षभरात त्याची काळी भुसभुशीत माती झाली होती, वासही उरला नव्हता. पोत्याच्या तोंडाला सुतळीची दुहेरी गाठ होती, त्यांची. ती मला सुटेना. मग सुरीने कापली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी घालायला लागले. ओली माती काही लपत नाही. आई तिथेच कपडे वाळत घालायची. ती बघायची आणि चिमटे लावत पुढे जायची. पाडव्यापर्यंत त्या खुंटांवर पानं आली, आणि पाडव्यानंतर, मोजायचे सोडून द्यावे इतके कळे.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर आई मागच्या पायरीवर बसली होती.

"तू केलंस हे?"

"काकांनी सांगितलं तसं छाटलं." मग मी तिला सगळं सांगितलं. पाणी तोडल्यानेच तो असा आला, बाबा दर माघात तेच करायचे, हेही.

"मला वाटायचं, विसरतात," ती म्हणाली. "ऑफिसच्या गडबडीत राहून जातं. झाड वाळताना बघवायचं नाही, मग ते कामावर गेले की मी तांब्याभर घालायचे. रोज."

"त्यांना न सांगता?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, माझ्या झाडांत हात घालू नकोस."

"म्हणजे दोन वर्षं फुलं अगदीच कमी आली, ते खताला शिव्या देत होते..."

"त्या दोन वर्षी तीन-तीन तांबे घातले होते," आई म्हणाली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचाच होता. लगेच तिने तोंडावर पदर धरला आणि तशीच बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने मी चपला काढल्या.

"काढ सगळे कळे," ती शेवटी म्हणाली. "उद्या उमलून खाली पडतील. पण मी दारात जाणार नाही."

"मग?"

"तू जा."

मी आयुष्यात कुणाच्या दाराची बेल आपणहून वाजवली नव्हती. निरोप द्यायचा असला तरी मी खालूनच परत यायचे. आईला हे माहीत होतं.

परातभर कळे निघाले. मी जिना चढले. काकांनी ओंजळ पुढे केली, वास घेतला, आणि ओंजळ तशीच धरून ते आत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तू! आणि बेल वाजवलीस? मला वाटायचं, तुला आवाजच नाही."

"आईने पाठवलेत."

त्यांचं हसणं थांबलं. "आई कशी आहे?"

"बरी आहे."

"तिला म्हणावं..." त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. त्यांनी डबा आणला, मी त्यात कळे ओतले. अशी आठ दारं. परात रिकामी झाली तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती.

खाली आले तर आई स्वयंपाकघरात उभी होती. तिने दोन कळे मागे ठेवून घेतले होते, ते माठात टाकलेले होते. पाण्यावर तरंगत होते.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. घेतले."

तिने फुलपात्रात पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली. मलाही दिलं.

"वास जरा जास्तच उतरतोय," ती म्हणाली, आणि एक कळा बोटाने काढून ओट्यावर ठेवला.