मासळीच्या कंपनीचे सोळा शेअर

ऑर्व्हिल ट्वेट आयुष्यात एकदाच हट्टाला पेटला, आणि तोही शेअरसाठी. एरवी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला हा गरीब गाय माणूस. चौरस्त्यावर गाडी थांबवून समोरच्याला "आधी तू" असा हात करायचा. समोरचाही आमच्याच मिनेसोटातला, तो "छे, आधी तू" म्हणायचा. मागे रांग लागायची, पण भोंगा कोणी वाजवायचं नाही. भोंगा वाजवणारा बाहेरगावचा, हे आमच्या वेस्ट टॉर्नेसमध्ये शेंबडं पोरही सांगेल.

हट्टाचं मूळ आजोबांत होतं. नॉर्वेच्या स्कार्वोय बेटावर माशांचे गोळे डब्यात भरणारी एक कंपनी आहे. आजोबा तिथे माशांची मुंडकी उडवायचे. मजुरांनी मागच्या दारानं यायचं, पुढचं दार मालकांचं. एकदा हिमवादळात आजोबा पुढच्या दारानं शिरले आणि त्याच दारानं बाहेर हाकलले गेले, ते थेट अमेरिकेच्या बोटीत. अर्धं वेस्ट टॉर्नेस त्याच बेटावरून आलेलं आहे, पण एवढा अपमान फक्त ट्वेटांच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो जिवापाड जपला.

कंपनी अजून चालू होती आणि तिचा शेअर इथे बसल्या जागी घेता येत होता. मोठ्या शेअरबाजारात अर्थातच नाही, तिथे माशांच्या गोळ्यांना कोण विचारतो? दलाल आपापसात सौदे करतात त्या बाजूच्या बाजारात. तिथलं तिचं सांकेतिक नाव पाच इंग्रजी अक्षरांचं, शेवटचं अक्षर एफ, म्हणजे माल परदेशी. महिनोन्महिने तिथे चिटपाखरू फिरकायचं नाही. पण एक शेअर जरी असला तरी वार्षिक सभेचं बोलावणं येतं, पुढच्या दारानं आत घेतात आणि वर माशांचं सूप पाजतात. मात्र यंदाच्या सभेला जायचं तर शुक्रवारपर्यंत खरेदी व्हायला हवी होती.

"आणि मी?" बायकोनं, लव्हॉननं, विचारलं.

"भागधारकांनाच आत सोडतात गं. माझ्या हातात आहे का ते?"

"बरं," लव्हॉन म्हणाली. आमच्याकडे बायकोनं असं नुसतं 'बरं' म्हटलं की शहाण्या नवऱ्यानं हातातलं काम टाकून माफी मागावी. ऑर्व्हिल संगणक लावायला गेला.

सगळ्या अमेरिकेत मिळून सोळा शेअर विकायला होते. एकेकाची किंमत बर्फातल्या चांगल्या टायरएवढी. सोळाच्या सोळा उचलायचे असं ठरवून सोमवारी सकाळी तो बटण दाबणार, तोच त्याला दिसलं की कोणीतरी थोड्या कमी भावानं मागणी लावून थांबलंय.

"अरेरे!" ऑर्व्हिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बिचारा कधीपासून उभा असेल. त्याच्या डोक्यावरून हात घालून सगळा माल उचलायचा म्हणजे काय!"

त्याने त्याच्याच भावाला आपली मागणी लावली, अदबीनं मागे उभं राहावं तशी. तासाभरात पुढचा गडी मागणी काढून निघून गेला. आपण त्याला हुसकावलं, या विचारानं ऑर्व्हिलचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यानेही मागणी काढली. लगेच तो परत आला. ऑर्व्हिल परत आला, तर तो गेला. मंगळवारही असाच गेला.

"तुम्ही दोघं बाजारात आहात की दारात?" लव्हॉन म्हणाली. "एकजण तरी आत जा. वारा येतोय."

बुधवारी पेट्रोलपंपावरच्या कॉफीला त्याचा जुना मित्र मर्लिन हौग्सरुड भेटला. निवृत्त टपालवाला, तोही मूळचा त्याच बेटाचा.

"मी एक शेअर घ्यायला बघतोय," मर्लिन म्हणाला. "आजोबांच्या गावची कंपनी. पण गिऱ्हाईक एकच आणि काय सज्जन माणूस! मी गेलो की बाजूला होतो. न्यूयॉर्कचा नसणार."

कॉफी ऑर्व्हिलच्या नाकात गेली. "कधी बाजूला होतो?"

"काल तर जेवायच्या वेळेला." मर्लिन बोलता बोलता थांबला. त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला.

दोघं खिडकीबाहेर बघू लागले.

"बर्फ पडेलसं वाटतंय," मर्लिन म्हणाला.

"पडेल," ऑर्व्हिल म्हणाला.

उठताना मर्लिन हळूच म्हणाला, "तू घे ते सगळे. तुझे आजोबा तर हाकललेले. माझे नुसतेच निघून आले."

"छे छे, तू आधी उभा होतास."

मग गुरुवारी जे झालं ते फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. आमच्या चर्चच्या चहापानाला ताटातली शेवटची वडी कोणी घेत नाही. घ्यायचीच झाली तर सुरीनं अर्धी करून घ्यायची. मग दुसरा येऊन उरलेल्या अर्धीतली अर्धी घेतो, आणि शेवटी ताटात मुंगीला पुरेल एवढा तुकडा मानानं बसून राहतो. ऑर्व्हिलनं आठ शेअर घेतले आणि आठ मर्लिनला ठेवले. मर्लिननं चार घेऊन चार ठेवले. ऑर्व्हिलनं दोन घेतले, मर्लिननं एक घेतला. दर वेळी दलालाची दलाली वेगळी! परदेशी माल म्हणून ती जरा जास्तच, आणि लव्हॉन ती मोठ्यानं मोजत होती.

शुक्रवारी सकाळी पडद्यावर एक शेअर उरला. दोघं फोनवर आले.

"घे रे तू."

"नाही लेका, तू घे. माझं पोट भरलं."

"माझंही गळ्यापर्यंत आलंय. तूच घे."

आणि दोघांच्या डोळ्यांदेखत तो शेअर गायब झाला.

"उचलला!" मर्लिन कुजबुजला. "विचारलंसुद्धा नाही!"

"काय ही माणसं," ऑर्व्हिल हळहळला. "टेक्सासचा असेल."

तो तणतणत स्वयंपाकघरात आला. लव्हॉन टेबलाशी बसली होती, हातात मोबाइल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"मी घेतला," ती म्हणाली.

"तू? शेवटचा?"

"हो. आता मलाही आत सोडतील."

ऑर्व्हिल मटकन खुर्चीत बसला. "तुला यायचं होतं तर बोलायचं ना!"

"मी बोलायचं?" लव्हॉन भडकली. सदतीस वर्षांच्या संसारात ती फारशी भडकली नव्हती, म्हणून ते चांगलंच जाणवलं. "बाजारात तोंड न पाहिलेल्या माणसाला तू दोन दिवस 'आधी तू, आधी तू' करत बसलास. मर्लिनसाठी दर वेळी अर्धे शेअर राखून ठेवलेस. आणि मला? आपल्यात माणसाला तीनदा विचारतात, ऑर्व्हिल. तू मला एकदासुद्धा विचारलं नाहीस."

ऑर्व्हिलला खरंच वाईट वाटलं. इतकं की आजोबांचा अपमान पहिल्यांदाच त्याला किरकोळ वाटला. तो खाकरला.

"लव्हॉन, माझ्याबरोबर नॉर्वेला येतेस का?"

"नको रे, तुम्ही दोघं जा. मी कशाला मध्ये."

"ये ना. खरंच."

"उगीच खर्च. आणि मला माशांचे गोळे आवडत नाहीत."

ऑर्व्हिल थांबला. समोरचा दोनदा नाही म्हणतोय, त्याला आणखी आग्रह करणं बरं दिसेल का, असं त्या भल्या माणसाच्या मनात खरोखर येऊन गेलं. लव्हॉन त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"चल गं," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय त्या दारातून मला आत जायचंच नाही."

"विमानात खिडकी माझी," लव्हॉन म्हणाली, आणि तिनं चष्मा काढून पुसायला घेतला.