पल्लवीला नाच येतोय का?

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ एवढी नेमकी सांगते, कारण क्लास चारचा होता आणि आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला होता. माझी पल्लवी तेव्हा दुसरीत. केलगेरीहून सिटी बसनं धारवाडात आलो, माडीवरच्या भरतनाट्यम क्लासच्या दारात तिला सोडलं आणि मी जिन्यावर बसले. ती बसले ती चार वर्षं! आणखी आयाही तिथंच बसायच्या. आत पोरी नाचायच्या, बाहेर जिन्यावर किस्से साठायचे. कुणी मुद्दाम साठवत नाही हो, पायरीवर धूळ साठते तसे आपोआप साठतात.

यांची नोकरी तारिहाळच्या कारखान्यात, शिफ्टची. क्लासला हो म्हणताना यांनी एकच अट घातली. "वार्षिक प्रोग्राम होईपर्यंत बघू. तिला येत असेल तर ठेवू, नाहीतर काढू. पण येतंय का नाही, ते तू सांगायचं."

मी सातवी शिकलेली. मला नाचातलं काय कळणार? झालं, तिथून टेन्शन सुरू!

*

पहिले सहा महिने पोरी नुसत्या गुडघे बाहेर काढून अर्ध्या बसलेल्या. टीचर लाकडी ठोकळ्यावर काठी वाजवणार, तै या तै, आणि या अर्ध्या बसूनच पाय आपटणार. पल्लवी घरी येऊन गुडघे चोळायची. मला काळजी, की पोरीचे पाय वाकडे झाले तर?

शेवटी धीर करून विचारलं, "टीचर, यांना सरळ उभं कधी करणार?"

टीचर म्हणाल्या, "बसायला आलं की!"

घरी येऊन यांना तसंच सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे येतंय का नाही?"

मी भाकऱ्या थापायला घेतल्या.

*

दुसरी पंचाईत म्हणजे टीचर कधी "छान" म्हणायच्याच नाहीत. पोरगी चांगली नाचो, वाईट नाचो, त्यांचा एकच कन्नड शब्द, "इरली." म्हणजे असू दे. आता असू दे म्हणजे चाललंय, का कंटाळून सोडून दिलं?

सुमनअक्का नावाची एका वकिलांची बायको माझ्या शेजारच्या पायरीवर बसायची. तिला सगळ्यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "मान हलवून इरली म्हणाल्या तर चांगलं. न हलवता म्हणाल्या तर वाईट."

मी तीन दिवस दाराच्या फटीतून टीचरांची मान बघत बसले. चौथ्या दिवशी कळलं, त्यांची मान आखडलीय!

*

सासूबाईंना नाच पसंत नव्हता. शेजारी कुणी विचारलं तर सांगायच्या, "पोरगी व्यायामाला जाते." मला वाटलं, खर्चाचं असेल. पण एकदा भाजी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी या भागात देवाला सोडलेल्या बायका नाचायच्या. चांगल्या घरची पोरगी नाचली तर लोक नावं ठेवायचे."

मी टीचरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "खरंय. हा नाच त्या बायकांनीच जिवंत ठेवला. लोकांनी नाच उचलला, आणि त्यांना विसरले."

मी गोंधळले. म्हणजे नाच चांगला, नाचणाऱ्या वाईट, आणि आता नाचणाऱ्याही चांगल्या? बरं, सासूबाईंच्या देवघरात तर नटराजाचा फोटो. एक पाय वर करून मस्त नाचतोय, आणि त्या रोज त्याला फूल वाहतात! मी म्हटलं, "मग याचं कसं चालतं, आई?"

"त्याला कुठं लग्न जमवायचंय!"

*

क्लासच्या खाली घरमालक राहायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. वर वीस पोरी पाय आपटणार, खाली अप्पांच्या ताटात छताचा गिलावा पडणार! एक दिवस अप्पा ताट हातात घेऊनच वर आले. ताटात भाकरी, भाकरीवर चुना.

टीचर शांतपणे म्हणाल्या, "अप्पा, पोरी नाच सुरू करताना आणि संपवताना भूमीला नमस्कार करतात. तुझ्यावर पाय आपटतो, क्षमा कर, असं म्हणतात. आमच्यात तशी रीतच आहे."

अप्पा म्हणाले, "टीचर, भूमी खाली आहे. मध्ये मी राहतो!"

दुसऱ्या दिवसापासून पोरी भूमीला नमस्कार करून झाला की खिडकीतून खाली वाकून अप्पांनाही करायला लागल्या.

*

मग टीचरांनी कुठूनतरी परदेशातल्या बॅलेची व्हिडिओ कॅसेट आणली. पोरींनी बाहेरचाही नाच बघावा म्हणून. आम्ही आयाही आत घुसलो. पांढरे फुगीर झगे घातलेल्या बायका पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहून गिरक्या घेतायत. माझा जीव वरखाली. बाई गं, नखं तुटतील की!

टीचर सांगत होत्या, "हा नाच तिकडं राजवाड्यात वाढला, आपला देवळात. त्यांना जमीन सोडून वर जायचंय. आपल्याला जमीन धरून ठेवायचीय."

सुमनअक्का म्हणाली, "पण गोष्ट तर त्या पण सांगतायत की! बघा, ती रुसली."

खरंच! एक शब्द नाही, गाणं नाही, तरी आम्हाला कळत होतं कोण रुसलंय, कोण मरतंय. शेवटी ती बाई मेली तेव्हा आमच्या जिन्यावरची गिरिजाक्का पदरानं डोळे पुसत होती.

आणि दारात उभे असलेले अप्पा हात जोडून म्हणाले, "टीचर, हेच शिकवा की हो! आवाजच नाही!"

*

आता प्रोग्रामचं सांगते.

टीचरांनी पल्लवीला एकटीला पाच मिनिटांचा तुकडा दिला. यशोदा पाण्याला निघालीय, आणि लहान कृष्ण घरात आहे. बस, एवढंच. मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकीच भरली. पोरीला काय येतंय ते आता साऱ्या गावासमोर कळणार होतं. यांनी त्या दिवशी मुद्दाम शिफ्ट बदलून घेतली होती.

त्याआधी आठवडाभर पल्लवी माझ्याकडं एकटक बघत होती. मी स्वयंपाक करतेय, ही बघतेय. मी कपडे वाळत घालतेय, ही बघतेय. मला वाटलं, जंत झालेत. औषध पण पाजलं!

पडदा वर गेला. स्टेजवर माझी एवढीशी पोरगी, नऊवारी नेसून. खाली बसून तिनं नसलेल्या बाळाच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला लावला. मग उलटा हात करून परत कपाळाला. लोक हसायला लागले. कानाला फडकं बांधलं, सोडलं, घट्ट बांधलं. घागर उचलून दारापर्यंत गेली, परत आली, दुधावरचं झाकण बघितलं. बाहेर पडली. कुलूप लावलं. ओढून बघितलं. चार पावलं गेली, परत फिरली. ओढून बघितलं. परत गेली, परत फिरली, ओढून बघितलं!

मागून कुणीतरी म्हणालं, "गोकुळात कुठलं आलं कुलूप?"

सुमनअक्का मागं वळून म्हणाली, "कुठलं का असेना, लागलं की हो!" आणि मग ती माझ्याकडं बघायला लागली. गिरिजाक्का माझ्याकडं बघायला लागली. आमची अख्खी रांग माझ्याकडं बघायला लागली. मला आधी कळेना, मी काय केलं? मग कळलं.

स्टेजवर यशोदा पार कोपऱ्यात पोचली होती. तिथं ती थांबली. परत फिरली नाही. नुसती मान वळवून दाराकडं बघत राहिली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

प्रोग्राम संपल्यावर मी टीचरांकडं धावले. "टीचर, हे तुम्ही शिकवलं?"

"मी एवढंच सांगितलं होतं, एक आई आठवडाभर नीट बघून ये."

बसस्टॉपवर आम्ही बसची वाट बघत होतो. पल्लवी यांच्या खांद्यावर झोपली होती, तोंडाला रंग तसाच. हे म्हणाले, "राहू दे तिला क्लासात. आता आपणच घरात जपून वागायला पाहिजे."

त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांना माझा एक निरोप द्या. मी कुलूप दोनदाच ओढते. तिसऱ्यांदा ओढलं ते यशोदेनं.