विटेखालची फांदी

ओल्या विटेखालच्या मातीचा वास आला की मला अंबरनाथचं आमचं कंपनीचं क्वार्टर आठवतं. दारात आईने लावलेलं कुंदाचं झुडूप होतं. बुटकं, जमिनीलगत पसरलेलं, बारा महिने हिरवंगार. आई गेली आणि पुढच्याच वर्षी बाबांची मोरिवलीकडची कंपनी बंद पडली, क्वार्टर सोडायची नोटीस आली. झुडपाचं मूळ पायरीखाली शिरलेलं, ते उपटता येईना. म्हणून बाबांनी, आई करायची तसं, एक फांदी वाकवून मातीत दाबली आणि वर वीट ठेवली. "मुळं फुटली की ही तोडून बदलापूरला न्यायची. तोवर विटेला हात लावायचा नाही, काय?" मी आठ वर्षांची, मला कुठला धीर! बाबा काम शोधायला बाहेर पडले की मी रोज वीट उचलून बघायची. एकदा दोऱ्यासारखी पांढरी मुळं दिसली. बोटाने जरा ओढून पाहिली, तर तुटून हातातच आली. निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा असताना बाबांनी वीट उचलली. फांदी काळी पडली होती. ते तिथेच उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुझ्या आईचा हात होता तो. माझ्याने नाही झालं." मी गुपचूप टेम्पोत चढून बसले. बदलापूरच्या घरापुढे चांगली जागा होती, पण बाबांनी तिथे कधी साधी तुळसही लावली नाही. आता बाबाही नाहीत, आणि ती वीट मी उचलत होते हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.