चौदा नंबरच्या उशीवरची नोट

हॉटेलातला नियम साधा होता. पाहुण्याने उशीवर ठेवलेले पैसे खोली झाडणारीचे. टेबलावर, खिडकीत, कपाखाली असतील ते पाहुण्याचे. खोल्या झाडणाऱ्या मावशीने तो एकवीस वर्षं पाळला. इथेच कामाला असलेल्या तिच्या जावेने मात्र एकदा टेबलावरची नोट बक्षीस समजून उचलली आणि संध्याकाळच्या आत तिची नोकरी गेली. तेव्हापासून मावशी ताकही फुंकून पीत असे. नवरा दम्याने घरी बसलेला, कमावणारी ती एकटी. तिला भित्री म्हणणाऱ्यांनी आधी तिचं घर चालवून दाखवावं.

त्या सकाळी चौदा नंबरमध्ये उशीवर नोट होती. केवढी, तर मावशीच्या आठवड्याच्या पगाराएवढी. परदेशी पाहुणा, मन मोठं असेल, असं म्हणत तिने ती खिशात घातली, चादर बदलली, आणि कपाट पुसायला उघडलं तर आत पाहुण्याचे सगळे कपडे टांगलेले. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. बक्षीस ठेवतात ते जायच्या दिवशी. हा तर राहणार होता. झोपेत खिशातून पडली असणार, आणि आता तो शोधणार. तिने नोट उशीवर परत ठेवली, नीट केली, पुन्हा थोडी वाकडी केली आणि दार ओढून घेतलं.

तासाभराने मॅनेजरचं बोलावणं आलं. मावशी जिना उतरू लागली. कोणी पाहिलं असेल? काउंटरपाशी तो पाहुणा उभा होता, हातात तीच नोट.

"मावशी, चौदा नंबर तुम्हीच केलीत ना?"

"हो साहेब."

"हे म्हणतात, इथे रोज सकाळी उशीवर बक्षीस ठेवतात असं त्यांनी पुस्तकात वाचलं. त्यांच्या देशात असे पैसे देणं म्हणजे अपमान. तरी धीर करून ठेवले, तर तुम्ही घेतले नाहीत. तुम्हाला वाईट वाटलं का, विचारतायत."

म्हणजे नोट तिचीच होती. हात पुढे केला की झालं. पण मग मॅनेजर विचारणार, आधी का नाही घेतलीत? घेऊन परत ठेवली म्हणावं, तर पाहुण्याच्या पैशाला हात लावून घाबरली, एवढंच त्याला ऐकू येणार. जावेचंही असंच कोणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. जे पहिलं सुचलं ते मावशी बोलून गेली.

"आम्हाला नको असतं साहेब, तसलं काही."

पाहुण्याने वाकून नमस्कार केला, दोनदा माफी मागितली आणि नोट पाकिटात ठेवली. मॅनेजरची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खोलीत छापील पाटी लागली: आमचे कर्मचारी बक्षीस स्वीकारत नाहीत.

दुपारी डबे उघडले. खोल्या झाडणाऱ्या पाचही जणी जेवायला बसल्या. त्यांतली एक म्हणाली, "तुला नको होतं ना मावशी, तर तुझ्यापुरतं बोलायचंस. माझ्या पोराची फी त्यातून जायची."

खरं सांगावं असं मावशीला फार वाटलं. पण दारात मॅनेजर उभा होता. तिने खाली मान घालून घास गिळला.