आप्पांचं ग्राफिक्स कार्ड

कुठलीही नवी वस्तू हातात आली की दामूआप्पा आधी ती उलटी करून स्क्रू शोधायचे. मी हौसेने गेम खेळायचा नवा कन्सोल घेतला, तेव्हा तोही त्यांनी असाच उलटा केला.

"अहो, याचे भाग सुटे होतात," मी सांगितलं. "जुना ओढून काढायचा, कंपनीचा नवा बसवायचा. स्क्रू ड्रायव्हर नको, काही नको."

"म्हंजे कंपनी देल तेच घालायचं," आप्पा म्हणाले. "सुटं हाय, पन आपलं न्हाय."

आप्पा उरणजवळच्या आमच्या गावातले शेजारी. जन्मभर न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवला. कंटेनरच्या दारात उजव्या हाताची बोटं चिरडली आणि गाडी चालवणं सुटलं. माणूस घरात नुसता बसून राहिलेला बघवेना, म्हणून मुलीने, योगिताने, गेमिंग पीसी जोडून दिला आणि त्यात ट्रक चालवायचा गेम टाकला. आप्पांनी भंगारातून खऱ्या ट्रेलरचं स्टिअरिंग आणून त्याला जोडलं आणि अधू हाताला जमेल तिथे बटणं बसवली. त्या दिवसापासून ते पुन्हा माणसात आले.

पुढे योगिताने आपल्या मनाने लग्न केलं, पुण्याला गेली आणि आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. माणूस प्रेमळ, पण हेकट म्हणजे किती हेकट! तरी दर रविवारी चार वाजता बापलेक आपापल्या घरून त्या गेममध्ये यायचे आणि मागेपुढे ट्रक चालवायचे. माइक दोघांचेही बंद. शेवटी एका रविवारी तिने स्क्रीनवर लिहिलं, "पुढच्या वेळी बोला, आप्पा. नाहीतर मी परत येणार नाही."

नेमका त्याच आठवड्यात पीसी रुसला. खाऱ्या हवेने ओल धरली असणार म्हणून आप्पांनी त्यातलं, स्क्रीनवर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड काढलं आणि भिजलेला मोबाइल ठेवतात तसं तांदळाच्या डब्यात पुरलं. रविवारी दुपारी परत बसवलं, तर स्क्रीन काळाठिक्कर.

मला हाक आली. मी कन्सोल घेऊन धावलो. गेम त्यातही होता, पण आप्पांचं स्टिअरिंग जोडताच 'हे उपकरण चालणार नाही' असं झळकलं. कंपनीचा कंट्रोलर त्यांच्या हातात ठरेना.

"मग फोन करा ना तिला!" मी वैतागून म्हणालो.

"फोनवर तोंडच उघडत न्हाय रे माझं. गाडीत बसलो का येतं बोलता."

चार वाजून गेले. दारात उभ्या असलेल्या योगिताच्या आई, आमच्या काकू, म्हणाल्या, "पोरगी जाईल आता. तुमी बसा तांदूल निवडत."

कार्ड पुन्हा बाहेर काढलं. त्याच्या छोट्या पंख्यात कणी अडकलेली, खालच्या सोनेरी पट्टीवर तांदळाची पांढरी पूड. मला भयंकर राग आला.

"उघडता येतं म्हणून बिघडवलंत, आप्पा."

"उघडता येतं म्हनून तर कनी दिसली," ते म्हणाले.

काकूंनी सुई दिली. आप्पांनी कणी उकरली, मी पट्टी खोडरबराने घासली. कार्ड बसवलं. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा काढून, जोर देऊन बसवलं, तेव्हा कुठे पंखा फिरला आणि स्क्रीन उजळला.

योगिताचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. इंजिन बंद, सगळे इंडिकेटर लुकलुकत होते. आप्पांनी आपला ट्रक मागे नेऊन लावला आणि माइक सुरू केला. मला वाटलं, हा माणूस असाच गप्प बसणार आणि ती कायमची जाणार.

"योगिता," ते कसेबसे म्हणाले, "इंडिकेटर बंद कर, बाय. बॅटरी उतरंल."

पलीकडून आधी नुसता हुंदका आला. मग ती म्हणाली, "गेममध्ये बॅटरी नाही हो उतरत, आप्पा."

"तरी बंद कर," आप्पा म्हणाले. "आनि जावयाला दे जरा माइक."