वाचली काय?

अहेरीजवळच्या आमच्या गावात वाचनालय निघालं तेव्हा आता गाव शहाणं होणार, असं भाषण झालं. शहाणे लोक तिथी पेपर अंथरून झोपत. वाचणारी एकटी माझी बायको, पण बाईमाणसानं तिथी जायची रीत नव्हती. म्हणून वर्गणीदार मी, दुसरीत शाळा सोडलेला.

कादंबरी परत नेली की ग्रंथपाल भाऊ विचारत, "वाचली काय?"

मी बायकोनं सांगितलेलं ठोकून द्यायचो, "वाचली. शेवट रडका हाय." गाव मले विद्वान समजू लागलं.

मग तिले ताप भरला. उशाशी कादंबरी अर्धीच राह्यली आणि पाचव्या दिवशी ती गेली. तेरवी आटोपून पुस्तक द्यायले गेलो. भाऊ महिनाभर आपल्या गावी होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "वाचली काय?"

त्यांनी पुस्तकाचं विचारलं, माझ्या तोंडून तिचं निघालं, "नाई वाचली, भाऊ."

"काऊन? तुमच्यासारख्याले जड गेली? ठेवा, अजून आठ दिवस देतो."

वैद्यानं तेवढेही दिले नव्हते. खरं सांगायची हिंमत झाली नाही. पुस्तक काखेत मारलं आणि घरी आलो.