आधी मैना

कांतावहिनी गेली त्या सकाळी दादानं पहिला फोन केला तो घोडीच्या डॉक्टरला. मला नाही, तिच्या माहेरी तिसगावलाही नाही. डॉक्टर मैनाला पुढचं इंजेक्शन द्यायला गावाकडे निघाले होते, त्यांना वाटेतून परत फिरवायचं होतं म्हणे. दुसरा फोन मला. मी नगरला माझ्या घरी होते, दवाखान्यातून आंघोळीपुरती आलेली, भाचीसाठी डबा भरत होते. "सुनंदा, कांता गेली गं," एवढंच दादा बोलला. पहिला फोन कुणाला झाला ते मला नंतर त्या डॉक्टरांच्याच तोंडून कळलं. ते बिचारे भेटायला आले होते आणि सहज बोलून गेले. मी चहाचा कप खाली ठेवून दादाकडे बघितलं... तो जमिनीकडे बघत होता.

आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. वहिनीबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाहीच. कडू आहे ते मागे राहिलेल्यांबद्दल, आणि त्यात माझा सख्खा भाऊ आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरीही लिहिते आहे, कारण गावात जो तो एकच म्हणतो, "गोचीड चावल्याचं निमित्त झालं." गोचिडावर ढकललं की माणसं मोकळी. गोचीड काय कोर्टात येऊन सांगणार आहे?

आमचं गाव सुप्याच्या अलीकडे, पुणे रस्त्यापासून आत. आमच्या भागात बैलगाडा शर्यतीचं वेड आहे, आणि शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात. घोडी सुटली की तिच्यामागे बैल सुटतात. त्यामुळे चांगली घोडी ज्याच्या दारात, त्याला यात्रेत मान. शर्यतींवरची बंदी उठली त्या वर्षी दादानं मैना आणली. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, आणि नाकावर माशी बसली तरी थयथयाट करणारी. टेम्पोतून घोडी उतरताना बघून वहिनी ओट्यावरून म्हणाली होती, "घरचं झालं थोडं, आन व्याह्यानं धाडलं घोडं म्हनत्यात. आमच्यात व्याह्याचीबी गरज न्हाई, नवराच धाडतोय." सगळे हसले. दादाही हसला. आणि दुसऱ्या दिवसापासून घोडीचं सगळं वहिनीच्या अंगावर पडलं, ते कुणी टाकलं आणि तिनं कधी घेतलं, कुणालाच सांगता येणार नाही.

वहिनी तिसगावकडची. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि कारखान्याच्या माळावरच्या पाचटाच्या कोपीत तिचं अर्धं बालपण गेलं. संध्याकाळी गाडीचे बैल सुटले की त्यांची गोचिडं काढायची, हे तिचं काम. "बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या ताई, मी गोचिडं खेळले," असं ती म्हणायची. ते खेळणं सासरी पुन्हा हातात आलं. दिवस कलला की ती तबेल्यात गोवरीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर करायची, म्हणजे डास आणि चिलटं पळतात. मग पाटावर बसून आधी कुत्र्याला घ्यायची. टिप्या दिवसभर बांधाच्या गवतात लोळून यायचा आणि रात्री मैनाच्या पायाशी झोपायचा. "ह्यो खरा टेम्पो. पॅसेंजर ह्योच आनतो," असं म्हणत ती त्याचे कान उलटे करायची. मग मैना. कानात, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली, मांड्यांच्या आत. मैना दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू द्यायची नाही. वहिनीच्या खांद्यावर मात्र मान टाकून उभी राहायची आणि वहिनी तिच्याशी सासरच्या तक्रारी बोलत गोचिडं वेचायची. मोठं गोचीड सापडलं की अंगठ्याच्या नखावर चिरडायची. घोडीचे डॉक्टर तिला कितीदा म्हणाले, "हातानं चिरडू नका, रॉकेलात टाका, हातमोजे घाला." मोज्यांचं पाकीटही दिलं त्यांनी. वहिनीचं उत्तर ठरलेलं. "मोजं घातलं की मैनाला माझा हात कळत न्हाई."

घोडीची बडदास्त म्हणजे विचारू नका. तबेल्याच्या खिडक्यांना बारीक जाळी, भिंतीच्या फटी चुन्यानं लिंपलेल्या, कारण फटीत गोचिडं अंडी घालतात. पंखा. गोमाशा पोटाला डसू नयेत म्हणून वहिनीनं स्वतःच्या सुती लुगड्यांची झूल शिवलेली. त्याच तबेल्याला लागून वहिनीची झोपायची खोली, आणि तिच्या खिडकीला गोणपाट. "आमच्याबी खिडकीला एक जाळी लावा की," असं ती माझ्यासमोर म्हणालेली आहे. दादा म्हणाला, "लावू, यात्रा होऊन जाऊ दे." वहिनीनं माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. "ताई, पुढच्या जल्मी ह्यांची घोडी व्हायचं आपन." मी पोट धरून हसले होते तेव्हा. आता ते वाक्य आठवलं की भाकरी तोंडात फिरते.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर दादावर अन्याय होईल. माझा भाऊ वाईट नवरा नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही, बाहेरचा नाद नाही. वहिनीला गावात कुणी वेडंवाकडं बोललं तर तो दारात जाऊन भांडायचा. वाईट असता तर फार बरं झालं असतं, मला त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्याच्या हिशेबात बायको कधी पहिल्या नंबरावर आलीच नाही, एवढंच. आणि वहिनीनंही तो नंबर कधी मागितला नाही.

या वर्षी यात्रेच्या तोंडावर मैना आजारी पडली. वैरण सोडली, अंग तापलं, लघवी लालसर झाली. डॉक्टर आले, त्यांनी खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, गोचिडाचा ताप दिसतोय, हिला पुण्याकडच्या मोठ्या जनावरांच्या दवाखान्यात न्या, रक्त तपासायला हवं. तासाभरात टेम्पो दारात. वहिनीला तेव्हा स्वतःलाच ताप होता. डोकं फुटतंय म्हणत फडकं बांधून फिरत होती. पण मैना तिच्याशिवाय टेम्पोत चढेना. मग वहिनी मागे, हौद्यात, गवताच्या पेंढीवर बसून, घोडीचा दोर हातात धरून पुण्याच्या रस्त्यानं गेली. उन्हातून, तापात.

पुढचं मला वहिनीनंच सांगितलं, नगरच्या दवाखान्यात, सुकलेल्या ओठांनी हसत. तिला ती गंमत वाटत होती. "घोडीची डाक्टरीन लई गुनी हुती ताई. पोरगीच. रगत काढताना मी मैनाचा कान धरला, तर तिनं माझाच हात धरला. म्हनली, मावशी, तुमचा हात घोडीच्यापेक्षा गरम लागतोय. ह्यांना म्हनली, काका, मावशींना आजच माणसांच्या दवाखान्यात दाखवा, आणि घरात गोचिडं आहेत हे डॉक्टरांना सांगा." मी विचारलं, "मग दादा काय म्हणाला?" "ते व्हय म्हनले की. म्हनले, आधी घोडीला घरी उतरवू, मग जाऊ." मग वहिनीनं तोंड छताकडे केलं. "मीच म्हनले ताई. आधी मैना. उन्हात किती येळ हुबी ऱ्हानार ती?"

घोडी घरी उतरली. रिपोर्ट दादाच्या मोबाईलवर आला, औषध गावात मिळेना तर तो मोटारसायकलवर शिरूरपर्यंत जाऊन घेऊन आला. वहिनीनं मेडिकलमधून गोळी आणून खाल्ली. मग यात्रा आली. मैना अशक्त होती, पळाली नाही, आणि दादा शर्यत सोडून दिवसभर तिच्यापाशी बसला. गावानं केवढं कौतुक केलं त्याचं. घोडीवर असा जीव पाहिजे, म्हणाले. त्याच वेळी आत वहिनी पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या लाटत होती. मी तिथं नव्हते, माझी भाची शीतल होती. ती पुण्याला नोकरी करते, यात्रेसाठी आलेली. तिनं आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला जवळच्या डॉक्टरकडे नेण्यासाठी बापाला उठवलं. तिथं सलाईन लावलं, व्हायरल आहे म्हणाले, घरी पाठवलं. "गोचिडाचं सांगितलंत का त्यांना?" असं शीतलनं विचारलं तर दादा म्हणाला, "त्याला काय सांगायचं? त्यो मानसांचा डाक्टर." अगदी साधेपणानं म्हणाला तो. गोचीड हा घोडीचा आजार, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं.

ताप उतरेना म्हणून नगरला आणलं तेव्हा तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके उठले होते. इथल्या डॉक्टरांनी केस बाजूला केले आणि कानामागे, केसांच्या रेषेत, एक काळी खपली दाखवली. गोचीड तिथं चावलं होतं. मैनाची मान जिथं टेकायची, त्याच खांद्याच्या बाजूला. डॉक्टर तरुण होते, चिडूनच बोलले. "ह्याला साध्या गोळ्या असतात. वेळेवर दिल्या तर माणूस चालत घरी जातो. कुणाला काही सुचवलं नव्हतं का?" मी दादाकडे बघितलं. सुचवलं होतं, घोडीच्या डॉक्टरणीनं सुचवलं होतं.

शेवटी शेवटी वहिनी भ्रमात असायची. तिचा अंगठा आणि बोट चादरीवर सारखे हलायचे, काहीतरी चिमटीत धरून उचलायचे. नर्सला वाटायचं ती सलाईनची सुई काढतेय, म्हणून हात बांधू का विचारत होती. शीतल म्हणाली, "नका बांधू. ती काम करतीये." मग शीतलनं स्वतःचा पंजा आईच्या बोटांखाली ठेवला. वहिनी बराच वेळ त्या पंजावरची न दिसणारी गोचिडं काढत होती, हळू, दुखू नये अशा बेतानं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दहाव्याला नदीवर गाव लोटला. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. एकानं वहिनीला मुक्या जनावरांची माऊली म्हटलं, दुसऱ्यानं तिच्या त्यागाचं गुणगान केलं. त्याग म्हणे. तिला कुणी विचारलं होतं का त्याग करतेस का म्हणून? मी पदर दातात धरून ऐकत होते. मग पिंड ठेवला. काठच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. माणसं कुजबुजायला लागली. एक म्हातारे दादाला म्हणाले, "मनात कायतरी राहिलंय तिच्या. भाऊसाहेब, बोल तिला." दादा पुढे झाला, हात जोडले. "कांता, मैनाची काळजी करू नको. तिला एक गोचीड लागू देनार न्हाई. मानूस ठेवतो." सगळ्यांनी बाभळीकडे बघितलं. कावळे तसेच. "शीतलचं लगीन चांगल्या घरात करीन." काही नाही. "टिप्यालाबी सांभाळीन." ऊन चढत होतं, लहान मुलं रडायला लागली होती.

शीतल इतके दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. ती उठली, बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि ज्या आवाजात माणूस पाणी मागतं त्या आवाजात म्हणाली, "आण्णा, असं म्हणा. आधी तुला नेतो."

सगळ्यांनी ऐकलं. दादानं तिच्याकडे बघितलं, पिंडाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. लोक चपला शोधायला लागले. मांडवात पंगत बसायची होती, शीतलला बायका धरून घेऊन गेल्या. मी मागे थांबले, कारण दादा जागचा हलला नव्हता. वाळूत आम्ही दोघंच उरलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "म्हनू का गं?" तो पिंडाजवळ उकिडवा बसला. बायकोच्या उशाशी बसावं तसा.

"आधी तुला नेतो, कांता," तो म्हणाला. "चल, ऊठ."

बाभळीवरचे कावळे तोवर पंगतीच्या वासानं मांडवाकडे उडून गेले होते.